ताईंचं ‘ब्रोक’

पेला माझ्या हातून फुटला, असं मी म्हणतो. खरं म्हणजे मी तो फोडला. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला आणि बगलेत वर्तमानपत्र अशा थाटात पंख्याचं बटण दाबायला निघालेला माणूस दुसरं काय करणार? त्यापुढे मात्र मी जे केलं ते शुद्ध सुशिक्षितपणाचं होतं. आधी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग सपातेच्या टोकाने मोठे तुकडे कपाटाखाली सारले, चुऱ्यावर पायपुसणं ओढलं आणि खुर्चीत बसून अग्रलेखात तोंड खुपसलं.

घर माझ्या थोरल्या मेव्हणीचं, म्हणजे ताईंचं. रविवारी सकाळी आम्ही नवराबायको तिथे चहाला जातो.

“काय फुटलं?” स्वयंपाकघरातून ताईंचा आवाज आला.

“कुठं काय?” मी म्हणालो.

पुढच्या क्षणी ताई केरसुणी घेऊन दारात. त्यांनी पायपुसण्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की अग्रलेख उलटा धरलाय हे माझं मलाच समजलं.

“ओरडला का नाहीत भाऊजी?”

“अहो ताई, एका पेल्यापायी आता—”

“पेला गेला खड्ड्यात! ओरडला का नाहीत ते सांगा. सून आत्ता अनवाणी या दारातून आली असती म्हणजे?”

“अगं, त्यांचं घरीपण असंच आहे,” आतून आमच्या सौभाग्यवतींनी तोफ डागली. “आमच्या सोफ्याखाली एक अख्खा टी-सेट आहे.”

ताई हसल्या नाहीत. गुडघ्यावर बसून त्यांनी कपाटाखालचा एकेक तुकडा ओढला, ओल्या फडक्याने चुरा टिपला, आणि फरशीवरून उघडा तळवा फिरवून पाहिला. तोंडाने चालूच होतं. “सगळे मेले सारखेच. फोडायचं आणि गप्प बसायचं. फोडणारे गप्प, आणि ओरडणारे गुन्हेगार!”

एका पेल्याला हा राग जास्त होता. तो बाहेरून आणलेला असणार, हे माझ्यासारख्या मंद माणसालाही कळलं. खोदून विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, “मला भांडीघरातून काढलंय. रुमालाच्या घड्या घालायला बसवलंय. म्हणे मी फार फोडते.”

आणि केरसुणी आपटून त्या आत गेल्या.

हे ऐकून माझाही कप खाली पडायचा राहिला. ताई फोडतात? एका मोठ्या हॉटेलच्या भांडीघराच्या त्या मुकादम. भांडीघर म्हणजे, जिथे आपण टाकलेल्या उष्ट्या ताटल्या, कप, पेले ढिगाने येऊन पडतात आणि आपल्याला पुन्हा चकचकीत दिसतात ती मधली खोली. आपण या खोलीत कधी जात नाही, म्हणून आपल्याला वाटतं की बशा झाडाला लागतात. त्या खोलीत ताईंचा जन्म गेला. ओल्या बशांची चळत हनुवटीपर्यंत घेऊन त्या झुलत्या दारातून पाठीने आत येताना मी पाहिल्या आहेत. मी तसा रिकामा आलो तरी दार माझ्या नाकावर बसतं.

आता त्या ‘ओरडण्या’बद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथेच आहे.

ताईंना इंग्रजी येत नाही. म्हणजे टेबल, बिल, ड्यूटी असले घरचेच झालेले शब्द सोडले तर येत नाही. पण इंग्रजीचं एक क्रियापद त्यांच्याकडे आहे आणि तेही थेट भूतकाळातलं. ‘ब्रोक.’

शाळेत आम्ही ‘ब्रेक, ब्रोक, ब्रोकन’ हे पाढ्यासारखं घोकत असू. मागे शेपूट लावलं की निमूट भूतकाळात जाणारी क्रियापदं वेगळी, आणि ही उडाणटप्पू जात वेगळी. भूतकाळात जाताना ही पार तोंडवळाच बदलून जातात. आमच्या मास्तरांचा या जातीवर राग होता आणि तो ते आमच्यावर काढत. घोकून काय मिळालं? मार्क. ‘ब्रोक’ म्हणजे तुटलं, फुटलं, मोडलं, भंगलं, शिवाय तोडलं, फोडलं, मोडलं. आपल्याकडे दोरी तुटते, काच फुटते, हाड मोडतं, शांतता भंगते. त्या बिचाऱ्यांकडे सगळ्या मोडतोडीला मिळून हे एकच गाठोडं. पण आपलंही कौतुक नको. आपल्याकडे वस्तू आपखुशीने फुटतात. ‘कप फुटला.’ जणू कप सकाळपासूनच आयुष्याला कंटाळला होता. फारच खोलात शिरलं तर ‘माझ्या हातून फुटला’. म्हणजे हात हा कुणीतरी बाहेरून आलेला ठेकेदार, आणि त्याच्या कामाशी मालकाचा संबंध नाही!

ताईंना यातलं काही ठाऊक नाही. मी एकदा विचारलं होतं, “ताई, ब्रोकचा अर्थ काय हो?”

“पाय आहे तिथे ठेवा,” ताई म्हणाल्या.

कुठल्याही शब्दकोशात हा अर्थ नाही. पण त्या भांडीघरात दुसरा कुठलाच नाही.

त्याचं असं झालं. ताई नवीन होत्या तेव्हा त्या हॉटेलात एक परदेशी शेफ होता. लालबुंद तोंडाचा, म्हणून सगळे त्याला तांबडेशेफ म्हणत. त्याला आपली भाषा येत नव्हती आणि या बायकांना त्याची. कुणाच्या हातून काच पडली की तो दोन्ही हात पसरून ‘ब्रोक!’ असं गरजायचा. सगळे जागच्या जागी थिजायचे. मग तो स्वतः वाकून तुकडे वेचायचा, तळव्याने फरशी चाचपायचा आणि हात खाली घ्यायचा की काम सुरू. कुणी फोडलं हे त्याने कधी विचारलं नाही. कारण विचारायची सोय नव्हती, भाषाच नव्हती! मला वाटतं जगातले निम्मे न्याय असेच झाले असतील. तांबडेशेफ त्याच्या देशी गेला. त्याचे पदार्थ आज कुणाच्या लक्षात नाहीत. हा शब्द राहिला.

पुढे ताई मुकादम झाल्या आणि त्यांनी या शब्दाला रीत लावून दिली. भांडीघरात आवाज किती असतो! पाण्याचे फवारे, बशांचा खणखणाट, धुण्याचं यंत्र. कोपऱ्यातली पेलेवाली मुळातच दबक्या आवाजाची. (त्या खोलीत ज्या बाईकडे जे धुवायचं काम, तेच तिचं नाव. पेलेवाली, बशीवाली, चमचेवाली. चमचेवाली चमचे धुते एवढंच. चमचेगिरी तिला आयुष्यात जमली नाही, ते पुढे येईलच.) तिने ‘ब्रोक’ म्हटलेलं दारातून थाळे घेऊन धावत येणाऱ्या वेटरला कुठून ऐकू जाणार? म्हणून रीत अशी, की जिच्या हातून पडलं तिने ओरडायचं, आणि मधोमध उभ्या असलेल्या ताईंनी ती हाक उचलून पुन्हा द्यायची. “ब्रोऽऽक!” ताईंचा आवाज भिंतींना विचारून जात नाही. तो गेला की आतले थांबत, दारातले दारात थांबत. जवळची बाई काच गोळा करी, ताई तळवा फिरवीत आणि म्हणत, “चला!”

शंभर वेळा पडलं तरी शंभर वेळा ताईच ओरडणार, हे त्या खोलीतल्या झुरळांनाही माहीत होतं.

माहीत नव्हतं ते एका नव्या साहेबांना.

हे साहेब वरच्या दर्जाच्या हॉटेलांतून आलेले. पँटची कड इतकी धारदार, की बायकांनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव ‘इस्त्री’ ठेवलं. त्यांची केबिन भांडीघराला लागून, मध्ये एक भिंत. भांडीघरात पाय टाकायचा नाही, कारण फरशी ओली आणि बूट चकचकीत. तेव्हा साहेबांनी बसल्या जागी पाहणी केली, कानांनी! सकाळपासून संध्याकाळपर्यंत भिंतीपलीकडून काच फुटल्याचा आवाज, आणि पाठोपाठ एकाच बाईचा आवाज, ‘ब्रोक’. पुन्हा काच, पुन्हा तीच बाई. भिंतीला कान असतात असं आपण म्हणतो. असतीलही. पण भिंतीला लावलेल्या कानांना डोळे नसतात! साहेबांचा निष्कर्ष निघाला की हे हॉटेल या एकट्या बाईने फोडत आणलं आहे, आणि वर ती निर्लज्जपणे गर्जून सांगते आहे.

त्यांनी ताईंना बोलावलं. “बाई, तुम्ही फार फोडता.”

“काय फोडते?” ताईंनी विचारलं.

“सगळंच,” साहेब म्हणाले.

या ठिकाणी एखाद्या शहाण्या बाईने खुलासा केला असता. पण ताईंना शहाणपण आणि राग ही दोन्ही एका वेळी जमत नाहीत. त्या म्हणाल्या, “मी फोडते काय? मग ठेवा तुमच्या बशा आणि चाटा!”

आणि त्या रुमालांच्या खोलीत गेल्या. तिथे बसून त्यांनी रुमालांना अशा काही घड्या घातल्या म्हणे, की टेबलावर ते भाल्यांसारखे उभे राहत. पाहुण्यांना जेवायची भीती वाटली असेल.

मला विचाराल तर माझं रक्त उकळलं. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे ऐकून होतो. इथे तर चोर आला म्हणून बोंब ठोकणाऱ्यालाच! आगीची घंटा वाजते, सबब आग घंटेनेच लावली! मी तडक त्या साहेबांना भेटायला गेलो. ताईंना न विचारता. बायको म्हणाली, “अहो, नका जाऊ, तुम्ही बोललात की बिघडतं.” मी म्हणालो, “अन्याय होत असताना गप्प बसू?”

साहेब सभ्य निघाले. चहा मागवला. मी कप टेबलाच्या मध्यभागी ठेवला आणि सुरू केलं, “हे पाहा, ‘ब्रोक’ या शब्दाला कर्ता नाही. कुणी फोडलं, ते त्यात येतच नाही. तेव्हा जी बाई ओरडते तिने ते फोडलं असा अर्थ—”

“अगदी बरोबर बोललात!” साहेब एकदम खूश. “कर्ता नाही हाच तर घोटाळा आहे. कर्ता पाहिजे.”

“तसं नव्हे—”

“नाही, नाही, तुमच्यासारखी माणसं भेटत नाहीत हो.”

त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं. दुसऱ्या दिवशी भांडीघरात नवा नियम लागू झाला. ओरडणं बंद, पाहुण्यांच्या कानावर जातं. जिच्या हातून फुटेल तिने साहेबांच्या केबिनमध्ये यायचं आणि स्वतःचं नाव घेऊन, हळू आवाजात, सांगायचं.

वा! विझवायला गेलेला मी तेल ओतून आलो. माझ्या व्याकरणाला इतकं तत्पर फळ शाळेतसुद्धा कधी आलं नव्हतं.

आता विचार करा. काच पायाशी पडलेली, बाई केबिनच्या दाराशी उभी, ‘आत येऊ का साहेब’ म्हणतेय, आणि इकडे ओल्या फरशीवर लोकांची ये-जा चालू. आणि नाव सांगायला जाणार कोण? ताईंसारख्या मुकादमाला जिथे हाकलतात, तिथे बशीवालीने आपलं नाव घेऊन साहेबांपुढे उभं राहायचं? तिने शहाणपणा केला. माझ्यासारखाच. पायाने तुकडे मोरीखाली सारले. एक तुकडा मागे राहिला. पेलेवाली वळली आणि तो तिच्या रबरी चपलेतून आरपार गेला. टाके पडले.

साहेबांना कळवलं तेव्हा साहेब काय म्हणाले असतील? म्हणाले, “बायकांना खाली बघून चालायची सवय लावा.”

हे मी ताईंच्या तोंडून ऐकलं. त्या दिवशी त्यांनी मला चहा दिला नाही. “केबिनमध्ये चहा प्यायलात ना भाऊजी? तोच पुरवा,” एवढंच म्हणाल्या. त्या एकट्याच बडबडत होत्या. “मी मध्ये उभी असते तर पाय गेला नसता तिचा. मला रुमालात बसवा, नाहीतर गच्चीवर कावळे हाकलायला बसवा, माझं काही म्हणणं नाही. पण ती हाक का बंद केली? हाकेने कुणाचं घोडं मारलं होतं?”

म्हणजे मी समजत होतो तसं त्यांचं दुःख मुकादमीचं नव्हतंच. निदान पुरतं नव्हतं.

पुढचा प्रसंग मला चमचेवालीने सांगितला, ताईंच्याच घरी, उभं राहून, हावभावांसकट.

पेलेवालीच्या टाक्यांचा बोभाटा झाल्यावर साहेबांना वाटलं, या बायकांना ट्रे धरायचाच माहीत नाही, आपणच दाखवलं पाहिजे. ते प्रथमच भांडीघरात आले. सहाजणींना मागे ओळीत उभं केलं. मोठा ट्रे घेतला, त्यावर पेले रचले, पाच बोटांवर तोलून खांद्याशी नेला आणि म्हणाले, “बघा, नजर समोर. पायांकडे बघायचंच नाही.”

“आणि मग,” चमचेवालीने स्टीलची ताटली डोक्यावर धरली आणि सोडली. आमची बायको किंचाळली.

“तस्सं! सगळा ट्रे! साहेबांच्या चहूबाजूंनी काच. आणि आम्ही सगळ्या चिडीचूप. ओरडायला बंदी ना! नियम काय? तर फोडणाऱ्याने साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन, स्वतःचं नाव घेऊन, साहेबांना हळूच सांगायचं. आता साहेबांनी कुणाकडे जायचं, सांगा बघू?”

साहेब तसेच उभे. वाट पाहत असावेत, कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून. मग त्यांनी एक पाय उचलला. मागे बशीवालीनेही उचलला. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून, रुमालांच्या खोलीतून—

“ब्रोऽऽऽक!”

“अहो, सगळं भांडीघर दगड झालं,” चमचेवाली म्हणाली. “यंत्रसुद्धा थांबलं असं वाटलं मला. आणि साहेबांचा पाय अधांतरी. बगळा! नुसता बगळा! आणि त्या अवस्थेत ते काय म्हणाले असतील? म्हणाले, ‘ऐकलंत? फोडलं परत त्या बाईंनी!’”

“मग?”

“मग काय. मी म्हटलं, साहेब, ताई तिकडे आहेत, तुकडे इकडे आहेत.”

तेव्हा कुठे, चमचेवाली म्हणाली, साहेबांच्या डोक्यात हळूहळू उजाडलं. आवाज एकीचा आणि हात दुसरीचा असू शकतो, हा जगातला एक साधा नियम त्यांना एका पायावर उभं राहून शिकायला मिळाला.

ताई दारात आल्या होत्या. हातात अर्धी घडी घातलेला रुमाल. त्यांनी सगळीकडे पाहिलं. “माझ्याआधी कुणी ओरडलं नाही. कुणाची हाक राहिली?”

सहाजणींनी साहेबांकडे पाहिलं.

“साहेब, पाय खाली टेकू नका. आधी ओरडा.”

“ब्रोक,” साहेब म्हणाले.

“पाण्यात ऐकू आलं नाही.”

“ब्रोक!”

“ब्रोऽऽक!” ताईंनी रीतसर हाक उचलली. मग बसून त्यांनी साहेबांच्या बुटांभोवतीची काच वेचली, सहाजणींच्या पायांपर्यंत वेचत गेल्या, तळवा फिरवला आणि म्हणाल्या, “चला.”

आता तुम्हाला वाटेल साहेबांनी माफी मागितली. कसली माफी! पँटची कड सारखी करून ते म्हणाले, “थोडा गैरसमज झाला होता. उद्यापासून इकडेच या.”

झाला होता! कप फुटला, हाड मोडलं, गैरसमज झाला. एका बाईची मुकादमी गेली, दुसरीचा पाय चिरला, आणि केलं कुणी? कुणीच नाही. गैरसमज सकाळी आपला आपण उठला आणि होऊन बसला. मला सांगा, संताप येईल की नाही? आणि हा माणूस म्हणे माझ्याकडे कर्ता मागत होता!

“ताई, तुम्ही ऐकून घेतलंत?” मी विचारलं.

“ऐकून कशाला घेऊ? मी म्हटलं, झाला नाही साहेब, तुम्ही केलात. तर म्हणतो, ‘तेच ते.’ मी म्हटलं, तेच ते नाही. मग म्हणाला, ‘बरं, केला.’ मी म्हटलं, हाक चालू राहणार. आणि पेलेवालीला जखम भरेपर्यंत रुमालाच्या खुर्चीत बसवा, उभं नका करू. तेव्हा मान हलवली मेल्याने.”

ताई पुन्हा भांडीघरात मधोमध उभ्या राहिल्या. हाक चालू आहे. साहेब आता भिंतीपलीकडे दचकतात म्हणे, पण मोजत नाहीत.

माझं मात्र मन भरून आलं होतं. चहा पुन्हा मिळू लागला होता, त्याचाही परिणाम असेल. मी म्हणालो, “ताई, एक गोष्ट मला राहून राहून वाटते. ज्या माणसाने तुमचा असा अपमान केला, त्याचाही पाय वाचावा म्हणून तुम्ही भिंतीपलीकडून ओरडलात. एवढं मोठं मन आणता कुठून हो?”

पेला कपाटाखाली सारल्याच्या दिवशी पाहिलं होतं, तसंच ताईंनी माझ्याकडे पाहिलं.

“त्याच्या पायात बूट होते हो भाऊजी, मागच्या सहाजणी चपलांत होत्या.”